शेळीनं खाल्लेली नोटीस

माळरानावर एक गाव होतं. पाऊस आला तर आला, अशी तिथली शेती. गावाला एक चावडी होती. चावडीच्या भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला एक हलगी टांगलेली असायची. ती हलगी कोतवालाची. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि कोतवालाला महसूल सेवक म्हणायचे दिवस अजून यायचे होते. गाव तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायचं आणि कोतवालाला नाना.

नानाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सरकारला गावाशी जे काही बोलायचं असेल, ते त्याच्याच तोंडून. साऱ्याची मुदत असो, देवीची लस असो, भाऊसाहेबांनी कागद एकदा वाचून दाखवला की नानाला तो पाठ. मग तो थोडं पाचट पेटवायचा, हलगीचं कातडं जाळावर फिरवायचा, बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा. कातडं तापून ताणलं की हलगी खणखणीत वाजते. थंड हलगी नानानं कधी वाजवली नाही. तो म्हणायचा, “ऐकूच जायचं नसंल तर वाजवायची कशाला?”

गावाच्या कडेला एका बाईचं घर होतं. तीन एकर रान होतं, तेही नवऱ्याच्या नावावर. १९७२ च्या दुष्काळात नवऱ्यानं सरकारकडून तगाई काढली आणि विहीर धरली. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. पाणी काही लागलं नाही. पुढं चार-पाच वर्षांनी तापाचं निमित्त होऊन नवरा गेला. विहीर कोरडीच राहिली, तगाई मात्र दर साली फुगत गेली. साराही थकला. नवरा गेल्यावर वारसाची नोंद करायची असते, हे बाईला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. सातबाऱ्यावर तो अजून जिवंतच होता.

दरवर्षी दसऱ्याला बाई आणि तिचा मुलगा उसाच्या टोळीबरोबर निघून जायची. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती कोयत्यानं फेडायची. दाराला कुलूप लागायचं ते थेट अक्षयतृतीयेच्या सुमारास निघायचं. जाताना बाई शेजाऱ्याला सांगून जायची, “भावजी, घराकडं नदर ठिवा.” शेजारी म्हणायचा, “ठेवतो की.” शेजारीच तिचा बांधकरीही होता. त्याचं रान दोन एकर, दोघांच्या मधे एक बांध.

त्या साली गावात नवे भाऊसाहेब आले. तरुण होते, अक्षर मोत्यासारखं, दप्तर चोख. त्यांनी जुन्या थकबाक्या उकरून काढल्या. माणूस वाईट नव्हता. वरून वसुलीचा तगादा होता आणि कामात कुचराई करायची नाही, अशी त्यांची शिकवण होती. बाईच्या नवऱ्याच्या नावावर सारा आणि तगाई मिळून ६१८ रुपये निघाले. तगाईही साऱ्यासारखीच वसूल होते. मागणीची नोटीस निघाली, मग जप्ती झाली, मग लिलावाचा जाहीरनामा आला. सगळं त्या मेलेल्या माणसाच्या नावानं.

पौषातल्या एका सकाळी भाऊसाहेब, दोन पंच आणि नाना असे चौघे त्या घरापुढं गेले. नानानं जोंधळ्याच्या पिठाची खळ शिजवून आणली होती. त्यानं ती दाराच्या फळीला बोटांनी फासली, कागद लावला आणि तळहातानं चारी कोपरे दाबले. भाऊसाहेबांनी पंचनामा लिहिला. पंचांनी अंगठे उठवले. नानानं हलगी वाजवून जाहीरनामा म्हटला. ऐकायला एक कुलूप होतं आणि बांधकऱ्याची शेळी होती.

मंडळी परतली. नानाचा खळीचा डबा मागं राहिला होता, म्हणून तो पुन्हा त्या घराकडं गेला. बघतो तर शेळी मागच्या पायांवर उभी. पुढचे पाय दाराला लावलेले. ओल्या पिठाच्या वासानं तिनं कागदाचा एक कोपरा ओढला होता. नाना ओरडत धावला. शेळीनं त्याच्याकडं बघत बघत उरलेला कागद तोंडात घेतला आणि चघळत बाजूला झाली. फळीवर बोटाएवढा एक तुकडा राहिला. त्यावर गोल शिक्क्याची अर्धी कड होती.

नाना तसाच चावडीवर गेला.

“भाऊसाहेब, नोटीस शेळीनं खाल्ली.”

भाऊसाहेबांनी दप्तरातून मान वर केली. “डकवली होती ना?”

“डकवली व्हती.”

“पंचनामा झालाय ना?”

“झालाय.”

“मग आपलं काम झालं. पुढं शेळीनं खाल्ली काय, वाऱ्यानं नेली काय.”

नाना उंबऱ्यातच उभा राहिला. “आन् बाईला कळायचं कसं?”

“नाना, कायद्यानं राहत्या घरी नोटीस लावायला सांगितलंय. आपण लावली.”

“त्या घरात आज कुलूप ऱ्हातंय, भाऊसाहेब. कुलपाला वाचता येतं व्हय?”

भाऊसाहेब गप्प राहिले, मग पुन्हा लिहू लागले. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे.

नाना पुढचे काही दिवस गावभर विचारत फिरला. टोळी कुठल्या कारखान्याला गेली? कुणी नगरकडं म्हणालं, कुणी पार कोल्हापूर सांगितलं. मुकादम परगावचा होता. बांधकऱ्याला विचारलं तेव्हा तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता. नानाकडं न बघता म्हणाला, “मला काय ठाव?” नानानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग बांधापलीकडच्या रानाकडं बघितलं आणि निघून आला.

त्या संध्याकाळी नानानं पाचट पेटवलं. हलगी शेकली आणि बांधकऱ्याच्या दारापुढं जाऊन उभा राहिला.

“ऐका हो ऐका! अमक्याच्या नावचं तीन एकर रान सरकारी बाकीपायी लिलावात निघणार हाय होऽऽ! माघ वद्य पंचमीला, चावडीम्होरं, दिस कासराभर वर आल्यावर होऽऽ! ज्याला ठाव असंल त्यानं धनिणीला सांगावं होऽऽ!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. पोरं जमली. बांधकऱ्याच्या बायकोनं दार लोटून घेतलं.

भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी नानाला बोलावलं. “दवंडी एकदा झाली ना? पुन्हा पुन्हा कशाला? आणि ते शेवटचं, धनिणीला सांगावं, ते कुठल्या कागदात आहे?”

नाना म्हणाला, “कागदात न्हाई. पर दवंडी एकदाच पिटावी, असं तरी लिवलंय का?”

भाऊसाहेबांनी पुस्तक काढलं. पान शोधलं. ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. तालुक्याच्या ठिकाणी आणि ज्या गावात जमीन असेल त्या गावात दवंडी पिटावी, एवढंच होतं. किती वेळा, ते नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

तिसऱ्या संध्याकाळी नानानं हलगीवर पहिली थाप टाकली आणि दार उघडलं. बांधकरी बाहेर आला. डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या घडीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि नानाच्या हातात ठेवलं. कार्ड घामानं मऊ झालं होतं.

“पोरानं दिवाळीत धाडलं व्हतं,” तो म्हणाला. “म्या इसरलो.”

“इसरतं मानूस,” नाना म्हणाला. त्यानं हलगी काखेत घातली आणि निघाला.

सकाळी भाऊसाहेबांनी कार्ड वाचून दाखवलं. कारखान्याचं नाव होतं, मुकादमाचं नाव होतं. खाली पोरानं लिहिलं होतं, आमच्या घराकडं लक्ष असू द्या. भाऊसाहेबांनी ते शेवटचं वाक्यही वाचलं. मग म्हणाले, “नाना, याला प्रवासभत्ता मिळायचा नाही.”

“ठाव हाय.”

भाऊसाहेबांनी एक कोरा कागद घेतला. जाहीरनाम्यातला मजकूर सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत उतरवला. घडी घालून नानाला दिला. “तिथं कुणी वाचणारा भेटला तर.”

दोन एसट्या बदलून नाना रात्री कारखान्यावर पोचला. पहाटे एका उसाच्या गाडीवर बसून फडात गेला. उसाच्या रानाकडेला कोप्यांची रांग होती. पाचटाच्या त्या कोप्यांतून धूर निघत होता. बाई मोळी बांधत होती. वाढ्याची पेंडी पिळून तिनं मोळीला वेढा दिला, गुडघ्यानं दाबून गाठ मारली आणि वर बघितलं तर समोर नाना.

“नाना? घरी काय झालं?”

नानाला कागद वाचता येत नव्हता. हलगी तो घेऊन आला नव्हता. त्यानं पाठ असलेला जाहीरनामा तिच्यापुढं हळूच म्हटला, जसा कुणी आजाऱ्यापाशी बसून बोलतो. तीन एकर रान. ६१८ रुपये. माघ वद्य पंचमी.

बाई म्हणाली, “म्या सही केली न्हाई, अंगठा दिला न्हाई. माझ्या नावानं कसं काय निघतंय?”

“तुझ्या नावानं न्हाई. धन्याच्या नावानं निघालंय.”

“त्येला जाऊन तीन वर्सं झाली.”

“तुझ्या दाराला नोटीस लावली व्हती.”

“व्हती म्हंजी?”

“शेळीनं खाल्ली.”

बाई हसली. हसता हसता मोळीवर बसली. मग तिनं पदर तोंडाला लावला. नाना फडाकडं बघत उभा राहिला. थोड्या वेळानं ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, “किती दिस हाईत?”

“अठरा.”

लिलावाचा दिवस आला. चावडीपुढं बाकडं टाकलं. तालुक्याहून नायब तहसीलदार आले. एक व्यापारीही आला होता. रान न बघताच त्यानं भाव मनात ठरवलेला होता. गावातलं कुणी बोली बोलायला पुढं येईना. बांधकरी लिंबाखाली हात बांधून उभा होता.

तेवढ्यात बाई आणि तिचा मुलगा वेशीतून येताना दिसले. रात्रभर प्रवास करून आले होते. बाईनं कनवटीची गाठ सोडली. मुकादमानं दिलेले आणि टोळीतल्या बायकांकडून हातउसने घेतलेले असे ३१० रुपये निघाले. बोली सुटायच्या आधी सगळी बाकी भरली तर लिलाव थांबतो. पण हे पैसे बाकीच्या निम्मेच होते.

नायब तहसीलदारांनी कागद चाळले. “राहत्या घरी नोटीस लावली?”

भाऊसाहेब म्हणाले, “लावली साहेब. पंचनामा आहे.”

“आता दारावर आहे?”

भाऊसाहेबांनी नानाकडं बघितलं. नाना पुढं झाला. ज्या हातानं खळ लावली तोच हात कपाळाला लावून म्हणाला, “न्हाई साहेब. म्याच लावली, आन् माझ्याच देखत शेळीनं खाल्ली.”

चावडी हसली. व्यापारी हसला. नायब तहसीलदारही हसले. मग त्यांनी जाहीरनाम्यावरचं नाव वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, “हे गृहस्थ कुठं आहेत?”

कुणी बोललं नाही. बाई हळूच म्हणाली, “त्येंनी न्हाईत साहेब.”

हसणं थांबलं. नायब तहसीलदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ ते त्या कागदाकडं बघत होते. मग त्यांनी लिलाव तहकूब केला. भाऊसाहेबांना सांगितलं, आधी मयताच्या वारसांची नोंद घ्या, मग त्यांच्या नावानं नवी नोटीस काढा, आणि तीस दिवस तेव्हापासून मोजा. बाईकडून ३१० रुपये भरून घेतले, पावती दिली. व्यापारी दुपारच्या गाडीनं परत गेला.

नवी नोटीस निघाली तेव्हा नानानं सवयीनं खळ शिजवायला घेतली. भाऊसाहेब म्हणाले, “दाराला लावूच. पण त्याआधी हा दुसरा कागद तिच्या हातात द्या. वाचून मी दाखवतो.” बाईनं ऐकलं, अंगठा उठवला आणि फडावर परत गेली. होळीला मुलगा उरलेले ३०८ रुपये आणि वरचा आकार घेऊन आला. लिलावाची गरजच उरली नाही.

गोष्ट एवढीच आहे. ती ऐकून पुष्कळांना नाना कायद्याच्या विरुद्ध गेला, असं वाटतं. मला तसं वाटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं १९६६ सालीच लिहून ठेवलंय की, स्थावराच्या लिलावाची दवंडी गावात पिटावी आणि लेखी नोटीस चार ठिकाणी लावावी: जिल्हाधिकारी कचेरी, तहसील, गावची चावडी आणि बाकीदाराचं राहतं घर. शेवटची नोटीस लागल्यापासून तीस दिवस उलटल्याशिवाय लिलाव करू नये. विक्री झाल्यावरसुद्धा तीस दिवस ती मोडून घ्यायची वाट ठेवलीय. एवढ्या दवंड्या, एवढे कागद आणि एवढे दिवस कशासाठी? ज्याचं जाणार आहे त्याला ते जायच्या आधी कळावं, म्हणून. भाऊसाहेबांनी नोटीस लावली होती. नानाला ती पोचवायची होती. फरक एवढाच होता, पण त्यात एका घराचं रान होतं.

हा फरक आपल्याच माळावरचा आहे असं नाही. अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी, एका माणसानं तीस वर्षं घराचं कर्ज फेडलं. तोवर घराचा करही कर्जाबरोबर त्याची कर्ज देणारी कंपनीच भरत होती. १९९७ साली कर्ज संपलं आणि कर भरणारंही कुणी राहिलं नाही. तो स्वतः तोवर दुसरीकडं राहायला गेला होता. सरकारनं त्या घराच्या पत्त्यावर सहीचं टपाल पाठवलं, ते कुणी न सोडवल्यानं परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं. सुमारे ८०,००० डॉलरचं घर २१,०४२ डॉलरला विकलं गेलं. त्याला कळलं ते घर खाली करायचा कागद मुलीच्या हाती पडला तेव्हा. २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, टपाल परत आलंय हे माहीत असताना सरकारला हात झटकून बसता येणार नाही. न्यायाधीशांनी दाखला दिला तो असा: पत्रं घेऊन निघालेल्या पोस्टमनच्या हातून सगळा गठ्ठा गटारात पडला आणि पाठवणाऱ्यानं ते डोळ्यांनी बघितलं, तर तो खांदे उडवून ‘मी तर धाडली होती’ म्हणेल का? पुढं काय करता आलं असतं, हेही त्यांनी सुचवलं. त्यात दारावर नोटीस डकवणं हा एक उपाय होता. शेळीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली नसावी.

पुढच्या दसऱ्याला टोळी निघायच्या आदल्या दिवशी बाई चावडीवर आली. म्हणाली, “भाऊसाहेब, औंदा आमी कुठं असनार ते लिवून घ्या.” भाऊसाहेबांनी कागद शोधला. नाना म्हणाला, “कागदावर नगं. शेळ्या फिरत्यात.” मग भाऊसाहेबांनी काव घेतली आणि हलगीच्या खुंटीखाली, भिंतीवर, मोत्यासारख्या अक्षरात कारखान्याचं आणि मुकादमाचं नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत आणखी अकरा घरची माणसं येऊन आपापला पत्ता सांगून गेली. शेवटी बांधकरी आला. त्याला कुठं जायचं नव्हतं. त्यानं शेळी दाव्यानं धरून आणली होती आणि तो भिंतीवरची नावं एकेक करून वाचून घेत होता.

तेव्हापासून दिवाळीला चावडीला चुना देतात तेव्हा खुंटीखालची तेवढी चौकट सोडून देतात.